सिंगापुरात शिकलेलं त्रिनिदादचं हिरवं वाटण

आधी एक दुरुस्ती.

निघताना मुंबई विमानतळावर बसून मी जी छोटी पोस्ट टाकली होती, तिच्यात ग्रीन सीझनिंगचं वर्णन 'मांस-मासे मुरवायचं कॅरिबियन वाटण' असं केलं होतं. ते चूक आहे. तोवर मी ते वाटण पाहिलंही नव्हतं. दादाचा एक फोन आणि इंटरनेटवरचा एक फोटो, एवढ्या भांडवलावर लिहून मोकळी झाले. खरं असं आहे की हे वाटण स्वतः पूर्ण शाकाहारी असतं. त्यात कांद्याची पात, चार-पाच प्रकारची पानं, लसूण, मिरची, लिंबू आणि मीठ एवढंच असतं. त्रिनिदादमध्ये ते मांसाला चोळतात, तसंच डाळीत, भोपळ्यात आणि भातातही घालतात.

मी लहानपणी दम्याने बेजार असायचे, त्यामुळे शाळेत जायच्या आधीची दोन वर्षं आईनेच मला घरी शिकवलं, स्वयंपाकघरात, ओट्याशी बसवून. गणित चुकलं तर खोडरबर मिळायचं नाही. "चुकलेलं तसंच राहू दे, खाली बरोबर लिही," असं ती म्हणायची. म्हणून जुनी पोस्ट मी काढून टाकलेली नाही. ही तिच्याखाली लिहिलेली बरोबर ओळ समजा. जरा लांबली आहे.

सिंगापूरला जायचं कारण फिरणं हे नव्हतंच. माझा दादा, अमेय, तिथे सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि जुरोंग ईस्टला राहतो. गेल्या वर्षी त्याने जिझेलशी लग्न केलं. जिझेलवहिनी त्रिनिदादची. सिंगापुरात एका मरीन इन्शुरन्स कंपनीत नोकरी करते. दोघांची ओळख बॅडमिंटन कोर्टवर झाली आणि दादा आजवर तिच्याशी एकही गेम जिंकलेला नाही. लग्न नोंदणी पद्धतीने झालं, आम्ही ते पुण्यातून फोनवर पाहिलं. आता जानेवारीच्या शेवटी बाळ येणार आहे. वहिनीच्या आईचे गुडघे गेलेत, अर्ध्या जगाचा प्रवास तिला झेपणारा नाही. दादाला लांब रजा मिळणं कठीण. म्हणून वहिनीने दादामार्फत विचारलं होतं: आई बाळंतपणाला येतील का?

आईने 'हो' म्हटलं नाही, 'नाही'ही म्हटलं नाही. 'बघू' म्हणाली. आमच्या घरात 'बघू' म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत आहे.

आमच्याकडे मांसाहार नाही. आईने आयुष्यात दुसऱ्याच्या मासळीच्या भांड्याला हात लावलेला नाही. शेवटी ती मला म्हणाली, "तू जाऊन ये. तुझ्या डोळ्यांनी बघ. मी त्या घरात चार घास सुखाने खाऊ शकेन का, ते मला खरं खरं सांग. दादाला विचारून उपयोग नाही, तो सगळ्यालाच हो म्हणतो."

घराबाहेर पडताना गॅसचं बटण तीन वेळा तपासणारी मुलगी मी. तिच्यावर ही जबाबदारी! मला विमानात झोप लागली नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. भारतीयांना व्हिसा लागतो, तो एजंटामार्फत काढावा, घाई करू नये. पोचण्याआधी आगमनाचं कार्ड ऑनलाइन भरायचं असतं. मी ते भरलं, मग बरोबर भरलं का ते पाहायला पुन्हा उघडलं, मग भीतीने छापूनही घेतलं. कोणीही तो कागद मागितला नाही. तिथे मेट्रोला एमआरटी म्हणतात. बाहेरच्या देशांतली बँक कार्डं फाटकावर टेकवली तरी चालतात, पण परदेशी वापराचे पैसे कापतात, त्यामुळे जास्त दिवस राहणार असाल तर तिथलंच प्रवासाचं कार्ड घ्या.

विमानतळावर दादा आणि वहिनी दोघंही आले होते. वहिनी उंच, सावळी, पिवळा सैल झगा घातलेली, पोट चांगलं पुढे आलेलं. मला पाहताच तिने लांबूनच हाक मारली, "नणंदबाई!"

आजूबाजूच्या लोकांनी वळून पाहिलं. दादा म्हणाला, "मी शिकवलं. महिनाभर सराव चालला होता."

"बरोबर म्हटलं ना?" वहिनीने इंग्रजीत विचारलं. आमचं सगळं बोलणं इंग्रजीतच होतं. इथे मी ते मराठीत देते आहे, तिचं खास 'गर्ल' तेवढं तसंच ठेवते.

"एकदम बरोबर, वहिनी," मी म्हटलं.

"वहिनी म्हणजे मी?" ती खूश झाली. "ए-ए, गर्ल, माझ्या ऑफिसात मला इतक्या मानाने कोणी हाक मारत नाही."

एमआरटीने जुरोंग ईस्टला पोचायला तासाभराहून थोडं जास्त लागलं. त्यांचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे, खालीच मॉल, पलीकडे ऑफिसांच्या इमारती. वहिनीने डाळ-भात आणि भोपळ्याची भाजी करून ठेवली होती. वास सुंदर येत होता. पण कुठल्या कढईत केलं असेल, कुठल्या डावाने ढवळलं असेल, हे विचारायचा मला धीर झाला नाही आणि न विचारता खायचाही झाला नाही. "प्रवासाने पोट बरं नाही," असं सांगून मी दहीभात कालवून घेतला. वहिनीने भोपळ्याचं भांडं गुपचूप झाकून फ्रीजमध्ये ठेवलं. मी खाली मान घालून भात संपवला.

दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेली आणि मी खालच्या हॉकर सेंटरमध्ये गेले. हॉकर सेंटर म्हणजे एका मोठ्या छपराखाली छोट्या छोट्या खाण्याच्या टपऱ्या आणि मध्ये सामाईक टेबलं. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर तिथे बसू नका, ती जागा कोणीतरी धरलेली असते. मी ते पाकीट विसरलेलं समजून काउंटरवर नेऊन दिलं. पाकिटाची मालकीण जेवणाचा ट्रे घेऊन येईपर्यंत तिच्या टेबलावर तीन विद्यार्थी बसले होते. तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. बहुतेक सेंटरांत एखादी शाकाहारी टपरी असते. तांदळाच्या शेवया, परतलेला कोबी, टोफू असं चार डॉलरच्या आसपास पोटभर मिळतं.

तिथेच आईचा फोन आला.

"तुझं वाचलं मी," ती म्हणाली.

"काय वाचलंस?"

"विमानतळावरून लिहिलेलं. मांस मुरवायचं वाटण म्हणे. आणि अमेय तर सांगत होता की ती प्रत्येक पदार्थात तेच घालते. मग प्रश्नच मिटला."

"आई, थांब ना. मी अजून बघितलं नाहीये."

"बघितलं नाहीयेस तर लिहिलंस कशाला?"

संध्याकाळी वहिनी घरी आल्यावर मी विचारलं, "ग्रीन सीझनिंग मला शिकवशील? अगदी पहिल्यापासून, बाजारापासून?"

ती म्हणाली, "उद्या मी सुट्टी घेते."

तर तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी लिटिल इंडियात. जुरोंग ईस्टहून जाताना आउट्रम पार्कला गाडी बदलावी लागते. स्टेशनातून वर आलं की बाजूलाच भाजी-मासळीचं मोठं मार्केट आहे. सकाळी लवकर जा, आणि जमीन ओली असते म्हणून चपला घसरणाऱ्या नकोत. कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, केळफूल, सगळं आपलंच वाटतं, फक्त भाजीवाल्या आंटी चिनी आणि बोली तिसरीच, वाक्यागणिक 'आह' नाहीतर 'लाह' जोडलेली इंग्रजी.

वहिनी जे शोधत होती ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. लांबट, जाडसर पानं, कडा करवतीसारख्या. तिने एक पान चुरगाळून माझ्या नाकाशी धरलं. कोथिंबीर! पण कोथिंबिरीने चार गल्ल्यांवरून हाक मारावी तशी.

"आम्ही शॅडो बेनी म्हणतो," वहिनी म्हणाली. "आमच्या शेजारी भारतीय कुटुंब होतं, त्यांचे पणजोबा उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून बोटीने आलेले, ते म्हणायचे बंधनिया."

"बन-धनिया!" मी ओरडलेच. "म्हणजे रानातली कोथिंबीर."

"तुझ्या कुठल्या तरी पणजीने नेली असेल बोटीतून, नाव तरी," ती हसली.

भाजीवाली आंटी आमचं कौतुक बघत होती. "यू कुक थाई आह?"

"नो आंटी, त्रिनिदाद."

"व्हेअर दॅट?"

"व्हेनेझुएलाच्या शेजारी."

"वाऽ, सो फार!" आंटी म्हणाली आणि वहिनीच्या पोटाकडे बोट केलं. "बॉय लाह. सो पॉइंटी. बट यू टू थिन." आणि तिने पिशवीत दोन मुठी मिरच्या फुकट टाकल्या, जणू मिरच्यांनी माणूस जाड होतो.

कांद्याची पात, सेलरी, बारीक पानांचा थाईम, पार्सली, लसूण, लिंबं, आणि ही करवती पानं. दोन पिशव्या भरून आठ-दहा डॉलरांत आलं. "एक राहिलं," वहिनी म्हणाली. "मोठ्या पानांचा थाईम. तो विकत मिळत नाही. त्यासाठी सेम्बावांगला जावं लागतं."

चौथा दिवस शनिवार होता. दादाही आला. सेम्बावांग बेटाच्या अगदी उत्तरेला आहे, जुरोंग ईस्टहून एकाच गाडीने जाता येतं. जुन्या गोदीचं गाव, आता शांत वस्ती. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत, प्रवेश फुकट. लोक बादल्या घेऊन पाय शेकत बसतात, काही जण त्या पाण्यात अंडी उकडतात. वहिनीचे पाय सुजले होते. दादाने बादली भरून आणली, थंड पाणी मिसळलं, कोपर बुडवून पाणी पाहिलं आणि मगच तिला पाय टाकू दिले. आमच्या घरात लहान बाळाच्या अंघोळीचं पाणी असंच बघतात. हे त्याने कोणाकडून उचललं हे मला माहीत होतं आणि मला आईची फार आठवण आली.

मोठ्या पानांचा थाईम ज्यांच्याकडे होता त्या देशमुख काकू मूळच्या दादरच्या, वीस वर्षं सेम्बावांगला. त्यांच्या इमारतीखाली रहिवाशांची सामाईक बाग आहे, तिथे त्यांचा एक वाफा. वहिनी थेट एका कुंडीकडे गेली. मी पाहते तर काय, ओव्याची पानं! जाड, लवदार, कातर कडांची. ज्यांची आपण भजी करतो तीच. आमच्या पुण्याच्या बाल्कनीत आहेत.

"हा तुमचा थाईम?" मी विचारलं.

"हा तुमचा कोण?" वहिनीने विचारलं.

"आमची भजी."

"ने गं हवी तेवढी, लाजतेस काय लाह," काकू म्हणाल्या आणि स्वतःच कात्रीने फांद्या कापू लागल्या. मग वहिनीला म्हणाल्या, "सासूबाई येणार म्हणे? विचार करून ठेव बरं. एका स्वयंपाकघरात दोन राण्या!"

"माझ्याकडे दोन मिक्सर आहेत," वहिनी म्हणाली.

सगळे हसले. मीही हसले, पण मला कळलं नाही. दोघांच्या घरात दोन मिक्सर कशाला?

रविवारी सकाळी वाटणाला बसलो.

वहिनीची पद्धत अशी. सगळी पानं भरपूर पाण्यात धुवायची आणि फडक्यावर अगदी कोरडी होऊ द्यायची. ओली राहिली तर वाटण टिकत नाही. पात आणि सेलरी मोठी मोठी चिरायची. थाईमची पानं काडीवरून ओरबाडून घ्यायची, ओव्याची चारच घ्यायची, जास्त झाली तर सगळ्यांवर चढून बसतात. बन-धनिया मात्र हात आखडता न घेता. मिरची बी काढून, कारण इथे तिखटपणापेक्षा वास महत्त्वाचा. आधी लसूण आणि मिरची फिरवायची, मग पात-सेलरी, शेवटी पानं. थांबत थांबत. गंध बनवायचं नाही, रवाळ ठेवायचं.

मी पाण्याचा तांब्या घेऊन तयार होते.

"पाणी नको, गर्ल. मीठ आणि लिंबू आपलं पाणी आपण काढतात."

मी तांब्या ठेवला. मिक्सर थांबला तेव्हा माझा हात आपोआप साखरेच्या डब्याकडे गेला.

"हे काय?"

"चिमूटभर. पुण्यात... घालतात."

"जिझेल, तिला अडवू नकोस," दादा बाहेरून ओरडला. "पुणेकराला समुद्र दिला तरी तो चवीपुरती साखर टाकेल!"

साखर परत गेली. फोडणीचं मी विचारलंच नाही.

मग वहिनीने चमच्याच्या टोकावर थोडं वाटण घेतलं, चाखलं, मान हलवली, आणि तोच चमचा पुन्हा भरून माझ्यापुढे धरला. "बघ."

मी मागे सरकले. विचार करून नाही. हात मागे आधी गेले.

तिचा चेहरा उतरला. तिने चमचा सिंकमध्ये ठेवला, हात पुसले आणि स्टुलावर बसली. पहिल्या दिवशीची भोपळ्याची भाजी आम्हा दोघींनाही त्या क्षणी आठवली असणार.

"तुलाही चालत नाही," ती म्हणाली. "तुला चालत नाही, तर आईंना काय चालेल? मी काही चुकीचं ठेवलंय का, एवढं सांग." तिने उठून वरचं कपाट उघडलं. आत ओट्यावर काढलेल्या वेगळ्या मिक्सरची रिकामी जागा, वेगळी लाकडी फळी, सुरी, दोन कढया, स्टीलचे डाव. सगळं नवं, काहींवरची चिठ्ठीही निघालेली नव्हती. मग फ्रीज उघडला. सर्वांत वरच्या कप्प्यात निळ्या झाकणाची एकच बरणी होती, हिरव्या वाटणाने भरलेली.

"हा कप्पा आईंचा. मासे तळाला. वरचं खाली गळेल, खालचं वर गळू शकत नाही, हो ना? निळी बरणी मी आज काढलेल्या याच मिक्सरवर करते. दर पंधरा दिवसांनी नवी."

"पण आईचं यायचं ठरलंही नाहीये अजून."

"मग जुनी अमेय भातावर घालून संपवतो."

"मला ऑम्लेटमध्ये घालू देत नाही," दादा दारात येऊन उभा होता. "भात नाहीतर डाळ. चार महिने झाले."

"आणि आई आलीच नाही तर?"

"तर अमेय पुष्कळ भात खाईल," वहिनी म्हणाली. हसायचा प्रयत्न केला, पण तिचे डोळे भरले.

मला तेव्हा कळलं की मी चमचा का नाकारला हे मी तिला सांगितलेलंच नाही. सांगायला हवं हेही सुचलं नव्हतं. आमच्या घरात शिजताना कोणी चाखत नाही. आधी देवाला, मग पानात, मग तोंडात. आणि एकाचा चमचा दुसऱ्याच्या तोंडात गेला की उष्टं. मांसाचा त्यात काही संबंध नव्हता. हे मी तिला सगळं नीट सांगितलं.

"मग मीठ बरोबर पडलं हे कसं कळतं?"

"आई वासावरून ओळखते."

"मिठाचा वास?"

"हो."

वहिनीने दादाकडे पाहिलं. दादाने खांदे उडवले. "ती ओळखते. मी पाहिलंय."

"तुला येतं?" तिने भांडं माझ्यापुढे धरलं. मी डोळे मिटून वास घेतला. मिठाला वास असतो असं मीही छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. पण कमी मिठाची पानं कच्चा, कापलेल्या गवतासारखा वास देतात. मीठ पुरेसं पडलं की तो वास दबून गोलसर होतो.

"कमी आहे," मी म्हटलं.

"मलाही तेच वाटलं होतं!" ती उठून उभी राहिली. मग तिने स्वच्छ चमच्याने वाटण घेतलं आणि माझा हात उलगडून तळहातावर ठेवलं. "माझी ग्रॅनी असं चाखायची. चमचा कधी परत भांड्यात नाही. गेला तर त्याच चमच्याने टोला. मी आज विसरले, तुला घरची धरून चालले म्हणून."

मी तळहातावरून चाखलं. आधी लिंबू, मग पातीचा गोडवा, मग बन-धनिया नाकात चढतो, आणि अगदी शेवटी कुठूनतरी ओवा. मीठ कमीच होतं. आम्ही ते वाढवलं.

दुपारी त्या वाटणाचा पहिला पदार्थ झाला, पेलाव. म्हणजे भातच. कढई नवी, वरच्या कपाटातली. तेलात साखर टाकून वहिनी ती जाळत राहिली. साखर तपकिरी झाली, मग काळपट, धूर निघाला. "वहिनी, करपली!" म्हणून मी गॅस बंद करायला धावले. तिने मला कोपराने अडवलं. "अजून एक श्वास थांब." मग त्यात दोन मोठे चमचे वाटण पडलं, असा काही आवाज आणि असा काही वास, की शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं. मग भोपळा, तुरीचे ओले दाणे, तांदूळ, नारळाचं दूध. हो, आपलेच तुरीचे दाणे, तिथे ते डब्यातले मिळतात.

मी तीनदा वाढून घेतलं. तिसऱ्यांदा वहिनीने न विचारताच वाढलं.

जेवण झाल्यावर ती म्हणाली, "आईंना काय सांगशील?"

"जे पाहिलं ते."

"मग सगळं सांग. मी मासे सोडणार नाही, डॉक्टरांनी खायला सांगितलंय, आणि मला आवडतातही. ते लपवू नकोस. नंतर त्यांना फसवल्यासारखं वाटेल." मग ताटं उचलता उचलता, "आणि सांग की मला बाळाला न्हाऊ घालायला येत नाही."

सोमवारी रात्रीच्या विमानाने मी निघाले. कच्चं वाटण भारतात नेता येतं का याची मला खात्री नव्हती, आणि खात्री नसलेली गोष्ट मी बॅगेत भरत नाही. पुण्यात करायचं झालं तर बन-धनिया सहज मिळणार नाही. कोथिंबीर देठांसकट दुप्पट घ्या, त्या देठांतच खरा वास असतो. बाकी सगळं मंडईत आहे. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवलं तर दोन-तीन महिने टिकतं.

घरी पोचले तेव्हा आई मेथी निवडत होती. मी हातपाय धुऊन तिच्यासमोर बसले आणि जसं पाहिलं तसं सगळं सांगितलं. मासे तळाच्या कप्प्यात असतात, तेही. वहिनी ते सोडणार नाही, तेही. वरचं कपाट, नवा मिक्सर, निळी बरणी.

"दर पंधरा दिवसांनी नवं करते?" आईने विचारलं.

"हो."

"मी येईन न येईन, तरी?"

"हो."

तिने मेथीची पुढची काडी उचलली. मग खाली बघूनच म्हणाली, "भांड्यांचं मी आपलं म्हणत होते गं. भांडी काय, घासता येतात. मला तिथली भाषा येत नाही, दुकानं येत नाहीत, लिफ्टची बटणं कळत नाहीत. तिला आधार म्हणून जायचं आणि तिलाच माझं करावं लागलं तर? त्यापेक्षा न गेलेलं बरं, असं वाटत होतं."

म्हणजे माझ्या डोळ्यांनी जे तपासून यायचं म्हणून मी एवढी धडपडले, ते तिला विचारायचंच नव्हतं. मग मी तिला वहिनीचं शेवटचं वाक्य सांगितलं, न्हाऊ घालायचं.

आईचे हात थांबले.

"येत नाही म्हणाली? असं स्वतःहून?"

"स्वतःहून."

"त्याला काय येणं लागतं," आई म्हणाली. "पायांवर घ्यायचं, मान सांभाळायची. पाणी कोपराने बघायचं." मेथीची जुडी तिने बाजूला केली. "माझा तो पासपोर्ट कुठेय? संपला असेल आता."

संपला होताच, आम्ही दोघींनी कपाट उपसून पाहिला. घरात आल्याला मला तेव्हा जेमतेम दोन तास झाले होते. त्यानंतर मी चहासुद्धा न घेता लॅपटॉप उघडला.

एवढ्या प्रवासातून माझ्याकडे काय राहिलं, असं कोणी विचारलं तर मला पटकन सांगता येणार नाही. तळहाताला दोन दिवस लसणाचा वास होता, तो गेला. ज्यांनी मला काही ना काही दिलं, मिरच्या, ओव्याची पानं, तिसऱ्यांदा वाढलेला भात, त्या सगळ्यांचे आभार मी या पोस्टमध्ये मानते आहे. आणि वहिनी, तू हे फोनवर भाषांतर करून वाचशील हे मला माहीत आहे, म्हणून तुझ्यासाठी स्पष्ट लिहिते: नूतनीकरणासाठी पासपोर्ट केंद्रात आईची वेळ मिळाली आहे. मी रजा टाकली आहे, मी तिला घेऊन जाणार आहे, येत्या गुरुवारी सकाळी.